चौथा रविवार

सलग चौथ्या रविवारी ख्रिस्तप्रसादासाठी अख्खा बाक उठून रांगेत गेला आणि जसिंता एकटीच बसून राहिली. मल्लेश्वरमच्या त्या चर्चमध्ये अशा बसण्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नसे: मनावर पापाचं ओझं आहे. तिचा नवरा मेल्विन प्रसाद घेऊन परतला. जिभेवर प्रसाद विरघळत होता, मनात संशय थिजत होता. तिचं ऑफिसातून उशिरा येणं, त्याला पाहताच पालथा होणारा फोन... सारे धागे त्याने केव्हाच जुळवले होते.

मिस्साची उपासना संपल्यावर त्याने तिला पार्किंगमध्ये गाठलं.

"पुढच्या रविवारी लेकीचं पहिलं कम्युनियन, पहिल्यांदाच प्रसाद घेणार ती. तेव्हा तरी उठशील ना? की पापनिवेदनाला जायची लाज वाटतेय? असं केलंयस तरी काय?"

"मी काही केलेलं नाही. मनात अढी ठेवून प्रसाद घेऊ नये, म्हणून थांबलेय."

"अढी? कुणाबद्दल?"

जसिंताने लेकीच्या पांढऱ्या फ्रॉकची पिशवी त्याच्या हाती दिली.

"होसकोटेच्या तुझ्या त्या बाईला मी केव्हाच क्षमा केली, मेल्विन. तुला करणं अजून जमत नाही."