सासूबाईंची केबिन बॅग

“शिकेकाई राहू दे,” श्यामलाबाई म्हणाल्या. “तुझा शांपू भर.”

ऋचाने हातातली पुडी खाली ठेवली. सासूबाईंनी उभ्या जन्मात शांपूला हात लावला नव्हता. ऋचाच्या बाटलीकडे त्या लग्नापासून ‘फेसाचा खर्च’ म्हणूनच बघत आल्या होत्या.

“आई, शिकेकाईची तर पावडर आहे. ती विमानात नाही कुणी अडवत. शांपू, तेल, क्रीम असलं काही असलं तरच शंभर मिलिलिटरच्या आत लागतं.”

“अपूर्वाकडे केस वाळवायला गच्ची आहे का? भर म्हणते ना.”

ऋचा छोट्या बाटलीत शांपू ओतू लागली. थोडा ओट्यावर सांडला. एरवी सासूबाईंनी त्यावर दोन वाक्यं तरी ऐकवली असती. आज त्यांनी नुसतं फडकं पुढे केलं.

त्या लेकीकडे, अपूर्वाकडे बंगळूरला निघाल्या होत्या. किती दिवसांसाठी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि ऋचाला विचारायचा धीर होत नव्हता. सासूबाई घरात असल्या की नवऱ्याचा, वरदचा आवाज जरा खाली असायचा आणि हातही. मागे त्या खडकीला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, तेव्हा काय झालं ते ऋचाने कुणालाच सांगितलं नव्हतं. मोरीत घसरले, एवढंच म्हणाली होती. ‘बघून चालावं माणसानं,’ म्हणत सासूबाईंनी आंबेहळद उगाळून दिली होती.

खडकीहून त्या दोन दिवसांत परत आल्या होत्या. बंगळूरहून कधी येणार?

“ते तोंडाला लावायचं क्रीमपण टाक,” सासूबाई म्हणाल्या.

“ते तेलकट त्वचेचं आहे. तुम्हाला नाही चालणार.”

“मला काय चालतं ते तू नको शिकवू.”

साठी उलटल्यावर रूपाची काळजी सुरू होणाऱ्या बायका पुण्यात नसतात असं नाही. पण श्यामलाबाई त्यांतल्या नव्हत्या. लेकीच्या घरी मिरवायची हौस आली असेल, असं म्हणून ऋचाने क्रीमही छोट्या डबीत काढलं. तिला सासूबाईंचा राग येऊ लागला होता. इकडे आपला जीव टांगणीला लागलाय आणि या बाईला क्रीम सुचतंय.

वरद आतून फोन संपवून आला. त्याने बॅग उघडून पाहिली आणि मोठ्याने हसला.

“काय गं आई, हिरॉईन झालीस की! आणि एवढीशीच बॅग? राहायला चाललीस की हळदीकुंकवाला?”

“तिथे कपाट भरलंय कपड्यांनी. तिचेच वापरायचे.”

अपूर्वाचा विषय निघताच वरदचं हसू मावळलं. दिवाळीत ती त्याला सगळ्यांदेखत काहीतरी बोलली होती, तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. त्याने विमानतळावर यायचा प्रश्नच नव्हता. त्याने बॅगेची चेन लावली आणि ऋचाकडे वळला.

“सोड आणि सरळ घरी ये. मी आज घरूनच काम करतोय.”

ऋचा दह्याची वाटी घ्यायला वळली.

निघताना तिने सासूबाईंच्या तळहातावर दही घातलं. त्यांनी ते चाटलं, वाटीतलं राहिलेलं ऋचाच्या हातावर घातलं.

“मला कशाला? मी कुठे चाललेय?”

“मग काय टाकून द्यायचं? खा मुकाट्याने. आणि आधार कार्ड घे तुझं. सोडायला येणाऱ्याचंही बघतात म्हणे.”

बघत नाहीत, हे ऋचाला माहीत होतं. पण वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने कार्ड पर्समध्ये टाकलं.

गल्लीत रिक्षा येत नव्हती. दोघी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेल्या. सासूबाई इतक्या झपाझप चालत होत्या की ऋचा सारखी मागे पडत होती. लेकीची एवढी ओढ!

रिक्षा येरवड्याच्या पुढे अडकली. सिग्नल सुटेना. वरदच्या मेसेजनी ऋचाचा फोन सारखा वाजत होता. कुठे आहात, पोचलात का, अजून किती वेळ. तिने प्रत्येक मेसेजला उत्तर दिलं. मग एकदम न राहवून ती बोलली.

“आई, लवकर परत या. मला त्या घरात एकटीला भीती वाटते.”

श्यामलाबाई बाहेर बघत होत्या. त्या पुढे झुकल्या.

“अहो, जरा त्या बाजूने काढा की,” त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. “विमान काय आमच्यासाठी थांबणार आहे?”

ऋचाने तोंड फिरवलं. आता हिच्याकडून कसलीच आशा नाही, असं तिला वाटलं आणि रडू आलं.

विमानतळाच्या दाराशी रांग होती. सासूबाईंनी बॅग तिच्या हातात दिली आणि आधार कार्ड मागून घेतलं. ऋचा वाद न घालता रांगेत सरकत राहिली. फोन पुन्हा वाजला. “सोडलंस का? निघ आता.” ती उत्तर टाइप करत असतानाच दोघी जवानासमोर पोचल्या. सासूबाईंनी घडी घातलेला कागद आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं. त्याने कागद पाहिला, कार्ड पाहिलं, मान वर करून ऋचाचा चेहरा पाहिला आणि कार्ड तिच्या हातात ठेवलं.

“माताजी, आपका टिकट?”

श्यामलाबाई पुण्यात कुणाशीही हिंदी बोलत नसत. त्या रांगेतून बाजूला झाल्या आणि मराठीतच म्हणाल्या, “माझं काढलेलंच नाही. लेकीकडे राहायला ही चाललीय, मी घरी मुलाकडे जाते.”