गेलं बघा नेट

"अहो, गेलं बघा तुमचं नेट!"

वडिलांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधून आईचा आवाज आला. लेकीच्या ऑनलाइन मीटिंगमधले सगळे चेहरे जागच्या जागी थिजले. तिने कपाळाला हात लावला.

आई जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. निवृत्तीनंतर वडिलांनी हौसेने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो दर मिनिटाला इंटरनेटवर हाक मारायचा आणि उत्तर आलं नाही की आवाज करायचा. नेट गेल्याचं घरात सगळ्यांत आधी आईला कळायचं, म्हणून त्यांनी त्यात तिचाच आवाज भरला. तेव्हा तिघंही पोट धरून हसले होते.

आता हसू येत नव्हतं. "पुन्हा मधेच गायब झालात तर दुसरं माणूस बघू," असं साहेबांनी लेकीला बजावलं होतं.

लाइनमन तिसऱ्यांदा आला. त्याने मॉडेमच्या मागची वायर बोटाने हलवली.

"ताई, लाइन ठणठणीत आहे. ही पिन काढून-घालून सैल झालीय. घरात लहान मूल आहे का?"

घरात लहान मूल नव्हतं. वडील खिडकीबाहेर बघत राहिले.

लाइनमनची पाठ वळताच ती कडाडली, "माझी नोकरी घालवाल तुम्ही, बाबा! तो आवाज पुसून टाका. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर!"

वडिलांनी चष्मा लावला. सांगितलं तसं केलं. आवाजाच्या जागी एक शिट्टी घातली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतर नेट एकदाही गेलं नाही. नोकरी टिकली. घर मात्र इतकं गप्प झालं, की ओट्यावर पेला ठेवला तरी दचकायला व्हायचं. बाबांनी तो आवाज कुठेतरी जपून ठेवला असेलच, हळूच परतही घातला असेल, असं तिला रोज वाटायचं. विचारायची हिंमत मात्र होत नव्हती.

एका दुपारी मीटिंग चालू होती. साहेब तिलाच काहीतरी विचारत होते. ती उठली, वडिलांच्या खोलीत गेली आणि मॉडेमची पिन उपसली.

वडील पलंगावर उठून बसले. दोघंही कॉम्प्युटरकडे बघत राहिले.

शिट्टी वाजली.

ती तशीच उभी होती, पिन हातात धरून.

"दुसरा नव्हता गं," वडील म्हणाले. "तुझ्यासमोरच पुसला ना."