सीटवरचं पातळ

माणसानं खोटं बोलावं, पण त्यालाही काही रीत असते. डॉक्टरनं सांगितलंय म्हणून सायकल फिरवायला जातो, असं सांगून घरून निघायचं, आणि ज्या घरचं पाणी वर्ज्य केलंय त्याच घराच्या कुंपणाला सायकल टेकवून आत जाऊन बसायचं, ही कुठली रीत? वर सायकलला कुलूपसुद्धा नाही!

रंगूबाई भर रस्त्यात उभी राहून सायकलकडे बघत होती. मालेगावला गुडघा दाखवून ती मेडशीला परत निघाली होती. कुणाचं तरी पोतं उतरवायचं म्हणून ऑटोवाल्यानं ऑटो ह्या वाडीत घातला, नाहीतर तिनं इकडे मानसुद्धा वळवली नसती. तिची धाकटी बहीण धनीबाई इथं राहते. उन्हाळ्यात रंगूबाईच्या पोराच्या, हरीओमच्या लग्नात ह्याच धनीबाईनं आहेराचं पातळ बोटांत चोळून पाहिलं आणि चार बायांदेखत परत केलं. "असल्याचं तं मी पोतेरंई करत नाई, बाई," म्हणाली. त्या दिवसापासून त्या घरचं पाणी बंद. नवऱ्यानं, इंद्रभाननंही मान डोलावली होती. "बरोबर हाय तुहं," एवढं बोलला होता.

पातळ वाया जाऊ देईल ती रंगूबाई कसली. तिनं ते कापलं, आत चिंध्या भरल्या आणि नवऱ्याच्या सायकलच्या सीटला खोळ शिवली. "तिले नाई पटलं ना? तुमी बसा त्याच्यावर."

आज ऑटोतून लांबूनच तिला दिसली ती ही खोळ. पोपटी, लाल काठाची. अख्ख्या तालुक्यात दुसरी सापडायची नाही.

"थांबव रे!" ती उतरली, पिशवी काखेत मारली. "जाय तू."

कुलूप नसल्याचंच तिला जास्त लागलं. दळणाला चक्कीवर गेला तरी इंद्रभान कुलूप लावायचा, दोनदा ओढून बघायचा. मारोतीच्या देवळापुढेही लावायचा. देवाचा भरवसा नाही, असा माणूस. बिनकुलपाची सायकल फक्त आपल्या आंगणात उभी असायची.

आतून लखीरामचं हसू ऐकू आलं. लखीराम म्हणजे धनीबाईचा नवरा, इंद्रभानचा साडभाऊ. मग बशी वाजली, आणि वास आला. आलं ठेचून, गूळ घालून उकळलेल्या चहाचा. दोघी बहिणींची माय असाच करायची.

पोळ्यापासून रंगूबाईच्या घरात साखरेचा डबा वर टाकलेला होता. इंद्रभानला शुगर, म्हणून त्याला फिका चहा. "एकानं फिका पेवाचा अन् एकानं गोड, हा काय संसार झाला?" असं म्हणून तीही फिकाच प्यायची. घोट घोट, काढा घ्यावा तसा. नळावर सगळ्या बायांना सांगायची, आमचा बुढा पथ्य पाळते, रोज सायकल हाणते, एक दिवस चुकत नाई.

खरंच, एक दिवस चुकला नव्हता.

तिनं हँडल धरून सायकल ओढली. स्टँड खणकलं. आतलं हसू थांबलं, आणि इंद्रभान हातात बशी घेऊन बाहेर आला.

"अवं, हरीओमची माय! तू इथं कशी?"

"मी रस्त्यावर हाय. तुमी कोणाच्या आंगणातून बोलून राह्यले, ते पाहा."

"लखीरामचा पाय मुरगळला होता, म्हटलं जरा..."

"पोळ्यापासून मुरगळूनच राह्यला का?"

इंद्रभाननं बशी ठेवायला जागा शोधली. सापडेना, तेव्हा ती पाठीमागे धरली. चहा त्याच्या धोतरावर सांडला.

"गूळ हाय त्यात," तो हळूच म्हणाला. "साखर नाई."



मागून धनीबाई दारात आली. किती वाळली होती! तिनं बहिणीकडे पाहिलं नाही. सीटकडे पाहिलं.

"पातळ न्याले आली का, बाई?" ती म्हणाली. "रोज येते ते माह्या दारात. रंग नाई गेला त्याचा अजून. मीच चुकीचं बोलली होती."

 गल्लीतली भांडणं रंगूबाईला विचारून सुरू व्हायची.  पण आता भांडायचं सोडून तिचा हात गेला तो मागच्या कॅरियरवर.

हे कॅरियर काढून टाकायचं इंद्रभाननं कितीदा ठरवलं होतं. उगाच वजन होते म्हणायचा. तिनं काढू दिलं नव्हतं. दळण आणाले लागते, म्हणाली होती. लग्न झालं तेव्हा त्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसूनच ती मायबापाला भेटायला जायची, हे तिनं बोलून दाखवलं नव्हतं. सांगायची काय गरज? त्याला ठाऊक होतं.

कॅरियरवर रस्त्याची धूळ बसली होती. सारखी, कुठं मोडलेली नाही. तिनं पदर घेतला आणि ती धूळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. मग धनीबाईकडे न बघता नवऱ्याकडे वळली.

"चहा पेले, पेले. मले घरी फिका पाजला, पाजला. पण रोज ह्या दारात येता, अन् हे कॅरियर रिकामं आणता? बेइमान निंगाले तुमी."