शुक्रवारची शेवंती

टेबलावरून एक छोटी पितळी घंटा घरंगळली आणि फरशीवर किणकिणत लांब गेली. लेटीच्या स्वयंपाकघरात शॉना ड्रेक शेवंतीची ऑर्डर द्यायला आली होती.

घंटा शॉनानंच वाकून उचलली. "मग? करशील?"

"धंदाच आहे माझा," लेटी म्हणाली. "तुझ्या मुलाला, ब्रॅडीला हवी ना? कुणाला देणार आहे?"

शॉना किंचित हसली. "सांगू देत नाहीये तो. नावाची फीत कोरी ठेव, अक्षरं तो स्वतः चिकटवणार आहे. बाकी तुझ्या मनानं कर. पण छान कर, लेटी. सगळं गाव बघणार आहे."

ती गेल्यावरही लेटी त्याच वाक्यापाशी बसून राहिली. सगळं गाव बघणार आहे.

गावानं एकदा बघितलंच होतं. होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक उत्सवाच्या, शुक्रवारी मुलीच्या छातीवर रेशमी शेवंती हवी म्हणजे हवीच. ताटाएवढं फूल, खाली गुडघ्यापर्यंत फिती, फितींना घंटा. ज्याच्याबरोबर जायचं तो मुलगा ती देतो. लेटी शाळेत असताना तिला कुणीच दिली नव्हती, म्हणून आईनं क्रेप कागदाची करून दिली. शाळेच्या जिन्यात शॉनानं ती ओढून काढली. "अगं बाई, ही केकवरून पडली की काय!" सगळा जिना हसला. दुपारी त्या फिती झेंड्याच्या खांबावर फडफडत होत्या, आणि लेटीला न्यायला आलेली आई फाटकाशी गाडीत बसून ते बघत होती. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. तिनं पुन्हा शेवंतीही केली नाही.

होमकमिंगचा आठवडा सुरू झाला, शाळेत रोज नवा वेष. सोमवारी सगळी शाळा पायजम्यात गेली, मंगळवारी चित्रविचित्र टोप्या घालून. बुधवारी लेटीची मुलगी टेसा केस शाळेच्या हिरव्या रंगात रंगवून घरी आली, तेव्हा लेटी फितींच्या वेण्या घालत होती.

"आई गं! कसली भारी! कुणाची?"

"ड्रेकांच्या ब्रॅडीची. ऑब्रीला असणार."

"ऑब्रीलाच. कोचची मुलगी, होमकमिंगची राणी व्हायला उभी, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले. आपल्याला कोण विचारतंय?" टेसानं फ्रिजमध्ये डोकं घातलं.

"तुला मी करते की एक."

"नको हं आई." आवाज फ्रिजमधूनच आला. "आईनं दिलेली लगेच कळते सगळ्यांना. हसतात."

लेटीनं हातातली वेणी खाली ठेवली. मग स्टेपलर उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

फिती फुलामागच्या पुठ्ठ्याला स्टेपल करायच्या असतात, वरून तारेचा वेढा द्यायचा असतो. टेक्ससच्या उन्हात नुसता गरम गोंद दिवसभर धरत नाही. तिनं नुसता गोंद लावला, तोही थेंबाथेंबानं. शुक्रवारी रात्री फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, राणी निवडताना, ड्रेकांच्या पोराची मैत्रीण मैदानाच्या मधोमध उभी असेल, सगळं गाव बघत असेल, आणि एकेक फीत गळून पडेल. शॉनानं पहिल्या रांगेत बसून बघावं.

त्या पोरीचं काय, असं एकदा मनात आलं. मग गाडीतला आईचा चेहरा आठवला आणि लेटीनं पुढची फीत घेतली.

गुरुवारी शॉना खोका न्यायला आली. झाकण उघडून बघतच राहिली. "तुझ्या हाताला तोड नाही, लेटी." तिचे डोळे भरून आले होते. लेटीला त्याची मजाच वाटली.

"जपून ने," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. पायरीवर शॉना, शेजारी जर्सी घातलेला ब्रॅडी, त्याच्या हातात तोच खोका. कळलं हिला, लेटीला वाटलं.

"काही बिघडलं का?"

"नाही, मॅडम," ब्रॅडी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "टेसा आहे?"

टेसा तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आली. ब्रॅडीनं खोका उघडला. कोऱ्या फितीवर आता तिचं नाव होतं, अक्षरं वाकडीतिकडी.

"फोनवर नाही म्हणाली असतीस," तो पुटपुटला, "म्हणून डायरेक्ट आलो."

"ब्रश... थांब, थांब हं!" टेसा आत पळाली.

शॉना लेटीच्या जवळ सरकली. "त्यानं टेसाचं नाव घेतलं तेव्हाच ठरवलं, हिची शेवंती हिच्या आईच्याच हातची हवी. तुझ्या आईनं केलेल्या शेवंतीची मी जी दशा केली ना... माफी मागायला फार उशीर केला मी, लेटी."

टेसा तोंड पुसत परत आली, दोन्ही हातांनी शेवंती उचलून लेटीपुढे उभी राहिली.

"आई, तूच लाव ना. आज मी ही एक मिनिटसुद्धा काढणार नाहीये. रात्रीपर्यंत टिकेल ना गं?"