मधला सांधा

“डिसजॉइंटेड म्हणजे काय, दाजी?”

सरांनी चष्म्यावरून मेहुण्याकडे पाहिलं. “आधी दार नीट लाव. नुसतं लोटून येतोस. एक काम म्हणून धड पुरं करत नाहीस.”

मेहुणा कसंनुसं हसला, पण उठला नाही. तो गॅरेजमध्ये कामाला होता. बहीण गेल्यापासून संध्याकाळी सरांकडे इंग्रजी शिकायला यायचा. परदेशात नोकरी बघतोय म्हणायचा. सर त्याला बोलून घ्यायचे, पण येऊ नको म्हणत नसत. घरात ऐकून घेणारं कोणीतरी लागतं.

“हा शब्द धड्यात नाही. कुठून उचललास?”

“एकाने वापरला.”

“विशेषण आहे. विस्कळीत. तुकडे असतात, पण एकमेकांत बसत नाहीत.”

“खिळखिळ्या खुर्चीला चालेल?”

“खुर्चीला नाही रे, अकलेच्या कांद्या. बोलण्याला. तुझ्याच बोलण्याला. ताई गेली त्या दिवशी काय बरळत होतास? तिला थंडी वाजत असेल. गॅस बंद केला का. मग तिच्या शाळेतलं काहीतरी. ना शेंडा ना बुडखा. ते डिसजॉइंटेड.”

मेहुण्याने मान खाली घातली. “आणि तुमचं?”

“मी डोकं ठिकाणावर ठेवलं. आंघोळ करून बाहेर आलो, तर ती जिन्याखाली पडलेली. पोलिसांना एका दमात सांगितलं.”

“मला असं ओळीने जमत नाही. मुलाखतीत तेच विचारतात, घडलेलं सांगा. ताईचं एकदा सांगून दाखवा ना.”

“गाढवापुढे वाचली गीता,” सर म्हणाले. पण शिकवायला लागले की त्यांचा आवाज खुलायचा. “वाक्याला वाक्य जोडायचं. ती वाळत घालायचे कपडे घेऊन वर निघाली. जिन्यात मागे वळली, मला टाकून बोलली. चप्पल सटकली. कठड्याला हात घातला, तो सुटला. मग पडली. आहे कुठे फट?”

“नाही,” मेहुणा म्हणाला. “पण असायला हवी होती, दाजी. तुम्ही आंघोळीला होतात.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“शब्द फौजदारसाहेबांचा आहे, तुमच्या जबाबाबद्दल,” मेहुणा म्हणाला. “मी अर्थ विचारला, तर म्हणाले, तुझ्या दाजींनाच विचार, मीही ऐकतो.”

लोटलेलं दार बाहेरून हलकेच उघडलं.