फळी

"लोणच्याची बरणी माझ्या हाती लागू नये म्हणून सुनेने फळी वर ठोकून घेतली," असं अनसूयाबाईंनी भिशीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं.

पुढे पाठ धरली, तेव्हा सूनच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी जुनी फाइल काढली. "हाडं ठिसूळ झालीत, मणके खचलेत. आजी, तुमची उंची अडीच इंचांनी कमी झालीय."

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून सुनेने वर्षानुवर्षं तिथेच असलेली फळी खाली घेतली.

पुढची भिशी त्यांच्याच घरी होती. एकीने स्वयंपाकघरात डोकावून सुनेला विचारलं, "आणलीस वाटतं फळी खाली?"

"हो काकू, माझंच चुकलं होतं."

अनसूयाबाई बरणी काढायला उठल्या. हात आता सहज पोचला. सुनेच्या तोंडाकडे बघायला मात्र मान वर होईना.