चुलीपाशी खुंटा

सारोळ्यात जगनच्या पत्र्याच्या घराला स्लॅबच्या बंगल्याची घरपट्टी आली. त्याच्या दहावीतल्या लेकीनं, संजीवनीनं, बापाच्या नावानं केलेलं अपील फेटाळलं गेलं. पठ्ठी गप्प बसतेय होय? तिनं दुसरं अपील ठोकलं: ‘साहेब, हे घर कसलं, निव्वळ गोठा!’ पाहणीच्या दिवशी चुलीपाशी खुंटा ठोकून शेजारची म्हैसच बांधली. घरपट्टी उतरली, वस्ती तिला ‘वकिलीणबाई’ म्हणू लागली. आज हायवे रुंदीकरणाच्या साहेबांनी भिंतीवर लाल फुली मारली. “सायेब, आमाला घर कुठं देणार?” जगननं विचारलं. “घर? दप्तरी गोठा आहे. गोठा पाडला तर घर मिळत नसतं.” “आवं, आमी ऱ्हातो हितं!” साहेबांनी नुसतं खुंट्याकडं बोट दाखवलं. जीप गेल्यावर संजीवनी खुंटा उपटू लागली, पण तो हलेना. आई शेजारी टेकली. “ऱ्हाऊ दे, बाय. परत लिव्ह की. तुझंच तर ऐकत्यात.”